शेवंताकाकीची उर्दू

"मल्लिका-ए-आलम, जरा तशरीफ सरकवा, शेन काढायचं हाय!"

आमच्या लोधिवलीत म्हशीशी असं बोलणारी एकच बाई, शेवंताकाकी. आणि म्हैस सरकते, हे मी शपथेवर सांगतो. तिलाच हटवायला मी एकदा काठी घेऊन गेलो होतो. तिने माझ्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

काकी माझी शेजारीण. नवरा वारलेला, मुलगा पनवेलला, थोडी भातशेती आणि ही मल्लिका. तिची उर्दू रसायनीहून आलेली. काका तिथल्या कारखान्यात होते, तेव्हा चाळीत शेजारी लखनौकडची नसीम राहायची. तिला मराठी येईना, काकीला हिंदी. तरी तांदूळ निवडता निवडता नसीम किस्से सांगायची. परी, जिन्न, जादूचे किल्ले.

"पयल्यांदा काय बी कळायचं नाय," काकी सांगते. "मंग तिचे हात कळाया लागले, मंग डोळे. शब्द सगळ्यात शेवटी कळले."

नसीम नवऱ्याबरोबर मुलखात परत गेली. किस्से इथे राहिले आणि इथलेच झाले. काकीचा इस्फहानचा शहजादा भाकरी-सुकट खातो. जिन्न शेजारच्या चौक गावच्या नाक्यावर रिक्षात पुढच्या सीटसाठी भांडतो. मी एकदा हटकलं, "काकी, इस्फहानात सुकट कुठून आली?"

"मंग उपाशी ठेवू का त्याला?"

हसायचं तेवढं आम्ही हसायचो. पण काकीने पदर खोचून, हात वर करून "तो साहिबान...", म्हणजे 'तर मंडळी', असं म्हटलं, की ओट्यावरचे सगळे मोबाइल आपोआप उलटे पडायचे.

गेल्या वर्षी आमच्या घरामागे मुंबईच्या कुणाचा तरी बंगला उठत होता. एके दिवशी दुपारी तिथली कंपाउंडची भिंत कोसळली. सगळे बाहेर पळाले, पण रामनिवास नावाच्या गड्याचा पाय मोठ्या दगडाखाली सापडला. आम्ही पहारी लावल्या. वरचा ढिगारा आणखी घसरू लागला. क्रेन खोपोलीहून यायची होती. चौकहून डॉक्टर आले, सलाइन लावलं आणि म्हणाले, "याला झोपू देऊ नका. बोलतं ठेवा."

काय बोलणार? आम्ही सगळे एकच वाक्य म्हणत होतो, "कुछ नहीं होगा, कुछ नहीं होगा." त्याचे डोळे मिटत चालले होते.

काकी गर्दीतून आत शिरली, चिखलात बसली आणि त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

"आँखें खोलिए, हुजूर. एक था मुल्क, जहाँ का बादशाह हँसना भूल गया था. सुना है कभी?"

रामनिवासने डोळे उघडले. "नहीं, अम्मा."

"तो हुंकारा भरिए. नायतर मी नाय सांगनार."

"हूँ," तो म्हणाला.

आणि काकी सुरू झाली. बादशाहाचं हसू शोधायला त्याची मुलगी निघाली. वाटेत वाळवंट आलं, काकीच्या तळहातावरून वाळू गळताना मी पाहिली. दरवाजा करकरला, तेव्हा आम्ही मागे वळून पाहिलं. मघाशी ओरडाआरडा करणारी माणसं दगडासारखी उभी होती. रामनिवासचा हुंकारा बारीक झाला, की काकीचा आवाज चढायचा. त्याला कळ आली, की राजकन्येच्या पायात काटा मोडायचा आणि दोघं मिळून कण्हायचे. ही तीच बाई, जी सकाळी शेण काढत होती? मला तिच्याकडे बघायची भीती वाटू लागली.

क्रेन आली. साखळी लावली. पण ड्रायव्हर दांडा धरून ऐकतच राहिला. "फिर क्या हुआ, अम्मा?"

"पहले पत्थर उठा, कमबख्त!" काकी गरजली.

दगड उचलला. रामनिवासला अँब्युलन्समध्ये चढवलं, दार बंद होईपर्यंत काकी सांगत होती. त्याचा पाय वाचला. थोडा लंगडतो, पण कामावर जातो.

त्या संध्याकाळी मी काकीला हाताला धरून घरी आणलं. लुगडं चिखलाने भरलेलं, आवाज पार बसलेला. माझ्या बायकोने चहा आणला. काकीने दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सुधीर, आता तू सांग."

"काय सांगू?"

"काय बी. नसीम गेली तवापासून मला कुनी गोष्ट सांगितलीच नाय रं. ज्यो तो म्हनतो, काकी, सांग."

मला गोष्टी कुठल्या येणार? सुचलं ते बोललो. आमच्या कंपनीत माकडाने साहेबांचा डबा पळवला, झाडावर बसून पोळ्या खाल्ल्या आणि रिकामा डबा खाली टाकला. झालं.

काकी पाय पोटाशी घेऊन, भिंतीला टेकून, लहान पोरीसारखी ऐकत होती.

"इतक्यात संपली?" ती म्हणाली.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चहा बाजूला ठेवला, नीट मांडी घातली आणि म्हणालो, "छे, संपतेय कुठे? त्या माकडाला एक बहीण होती..."