कांबळे सरांचा मासा

कांबळे सरांना खूश करायला मी विहिरीच्या गाळात सुरमईचा मणका पुरला. आदल्या दिवशीच्या जेवणातला. माझ्या मूर्खपणांत हा जरा वरच्या नंबरचा.

सर आम्हाला भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच नाद. लांज्यापासून जयगडपर्यंत कुठंही विहीर खणतायत असं कळलं, की हे एसटी पकडून हजर. जांभा दगड फोडून खाली गेलं, की कधीकधी काळी, कुबट माती लागते. तिच्यात कोळसा झालेलं लाकूड. विहिरीचा मालक कपाळाला हात लावतो, कारण पाण्याला वास येणार. सरांचा चेहरा मात्र नातू झाल्यासारखा. लाखो वर्षांपूर्वीची दलदल म्हणे ती. घरात लाकडांची आणि पानांच्या ठशांची खोकीच्या खोकी. फक्त हाड नाही.

"एवढं पाणी होतं, मग मासा गेला कुठं?" हे ते भेटेल त्याला विचारत. एकदा मिरकरवाड्यात एका मासेवालीला विचारलं. तिनं उद्या लवकर यायला सांगितलं.

यंदा मुलगी त्यांना कायमची पुण्याला नेणार होती. आमच्या शेजारची विहीर ही त्यांची शेवटची. मला राहवलं नाही.

गाळ चाळताना मणका सरांच्या हाती आला. गडी जमले. सरांनी खडे तपासायच्या सवयीनं तो जिभेला लावला. खरं जुनं हाड जिभेला चिकटतं. ही परीक्षा मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकली होती, पण वेळेवर आठवेल ती माझी अक्कल कसली?

मग सर ढिगाऱ्यावर मला शेजारी बसवून तासभर बोलत राहिले. इथं खाऱ्या पाण्याचं खाजण, तिथं गर्द झाडी, काठावर सुसरी, काळ्या पाण्यात माशांच्या झुंडी. इतकी वर्षं ते विहिरींवर एकटेच जायचे. त्यांच्याजवळ असं बसलं कोण होतं? मी मान खाली घालून हं हं करत होतो.

गडी जेवायला गेले. सरांनी मणका रुमालात गुंडाळून छातीजवळच्या खिशात ठेवला.

"जुना आहे ना, सर?" मी निर्लज्जपणे विचारलं.

"आमसुलं जास्त झाल्येत," सर म्हणाले. "आणि गाढवा, पन्नाशी आली तुझी, अजून मासा धड खाता येत नाही."