लेल्यांचा झांडर

श्रीपाद लेले यांनी आयुष्यात कधी मासा खाल्लेला नाही. अंडंसुद्धा नाही. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला तर केकमध्ये अंडं आहे का याची रीतसर चौकशी करून, आहे म्हटल्यावर हात जोडून, आपल्या डब्यातला खजूर खात बसणारा हा माणूस. आणि हेच लेले लागोपाठ तीन वर्षं जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आसपासच्या चार मासेमारी क्लबांचे 'फिशरक्योनिग', म्हणजे मासेमारांचे राजे होते. गळ्यात चांदीच्या बिल्ल्यांची माळ घालून त्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

मी सावंत, आचऱ्याचा. आमच्या घरात मूल रडलं तर त्याच्या तोंडात बांगड्याचा तुकडा घालतात. आणि या देशात माझ्याकडे साधा गळ टाकायचा परवानासुद्धा नाही. तेव्हा मला लेल्यांचा हेवा वाटतो, हे आताच सांगून टाकतो. पुढे तुम्हाला कळणारच आहे.

आमची ओळख झाली ती मासे धरण्याच्या शिकवणीत. जर्मनीत मासा धरायला आधी शिकवणी लावून परीक्षा द्यावी लागते. मी ऐटीत गेलो. मासा मला कोण शिकवणार? पुस्तक मी उघडलंदेखील नाही. माझ्या शेजारी एक चष्मेवाले, मिशीवाले गृहस्थ रंगीत पेनांनी पुस्तकात रेघा मारत बसलेले. "लेले, सदाशिव पेठ," त्यांनी ओळख करून दिली. "सावंत, आचरा," मी म्हणालो आणि मनातल्या मनात हसलो. निकाल लागला तेव्हा लेले वर्गात पहिले आले होते. मी नापास. कुठला मासा कुठल्या महिन्यात धरायचा नाही, या प्रश्नांनी माझा घात केला. आमच्याकडे लागला की धरतात.

"पण तुम्ही इकडे कशाला आलात?" मी चिडून विचारलं होतं.

"आल्झो, त्याचं असं आहे सावंत," लेले म्हणाले. त्यांचं प्रत्येक स्पष्टीकरण 'आल्झो'नं, म्हणजे 'तर'नं, सुरू होतं. "मला पाण्याकाठी बसायला आवडतं. नुसतं बसलं तर दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन विचारतं, सगळं ठीक आहे ना? एकदा तर पोलीस आले. गळ घेऊन बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. सिस्टिम आहे."

हे उत्तर मला तेव्हा निव्वळ वेडगळ वाटलं होतं.

लेल्यांचं खरं काम गिअरबॉक्सचे आवाज ऐकण्याचं. गाड्यांच्या कारखान्याला गिअरबॉक्स पुरवणारी एक कंपनी आहे, तिथे ते डोळे मिटून, बोटं टेकवून उभे राहतात आणि आत कुठला दात घासतोय ते सांगतात. तीच बोटं त्यांनी मासेमारीच्या दोरीला लावली. झांडर नावाचा मासा आहे इथे, गोड्या पाण्यातला, लांबट, डोळे काचेच्या गोटीसारखे. भारी लबाड. आमिषाला नुसतं 'टक्' करतो आणि निघून जातो. बाकीच्यांना ते 'टक्' कळेपर्यंत मासा पलीकडच्या काठाला. लेल्यांना बरोबर कळायचं. आमिष म्हणून ते रबराची मासोळी लावत. "माझं आमिषसुद्धा शाकाहारी आहे," असं प्रत्येक नव्या माणसाला सांगून स्वतःच हसत. मी हा विनोद इतक्या वेळा ऐकलाय की आता तो सुरू झाला की मी पाणी प्यायला उठतो.

चार क्लब मिळून हंगामभर पाळीपाळीनं एकेका तळ्यावर जमत. याला शर्यत म्हणायचं नाही. शर्यत लावून मासे धरणं इथे कायद्यात बसत नाही. मासा धरायचा तो खाण्यासाठीच, आणि मजेखातर धरलेला मासा परत पाण्यात सोडायचीही सोय नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून सहज मासे धरायचे, मग सहज तराजू आणायचा, आणि कुणाला किती गुण ते सहज फळ्यावर लिहायचं. हंगामाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त तो राजा. गावातल्या मासेमारीच्या दुकानदारानं लेल्यांना दुकानाचं नाव लिहिलेली हिरवी टोपी फुकट दिली, तेव्हापासून लेले स्वतःला प्रोफेशनल म्हणवू लागले. "स्पॉन्सर आहे आपल्याला," ते टोपी सरळ करत म्हणायचे. ती टोपी घालून ते कामावर जायचे, पेट्रोल पंपावर जायचे, एकदा कॉन्सुलेटमध्ये पासपोर्टचा फोटो काढायला तीच घालून बसले होते.

आता प्रश्न असा, की शाकाहारी माणूस धरलेला मासा मारणार कसा? तर त्यासाठी आलोइस होता. आलोइस म्हणजे निवृत्त झालेला खाटीक, पोट घमेल्याएवढं, लेल्यांचा शेजारच्या खुर्चीवरचा भागीदार. लेल्यांनी मासा काठावर आणला की ते तो आलोइसच्या हवाली करत आणि पाठ फिरवून दूरच्या चर्चच्या मनोऱ्याकडे बघत उभे राहत. मागे ठक्क असा आवाज व्हायचा. "फेर्टिग!" आलोइस ओरडायचा, झालं म्हणून. मग राजे वळायचे.

आणि मेलेला मासा शाकाहारी माणसानं करायचा काय? तर त्यासाठी आम्ही होतो.

पहिला झांडर घेऊन लेले आमच्या दारात उभे राहिले तो रविवार मी विसरणार नाही. "सावंत, तुम्ही कोकणातले. हा घ्या, तुमच्या हाती पडला म्हणजे सोनं होईल." नापास झालेल्या माणसाच्या हातात पहिल्या नंबरानं मासा ठेवला. बायको मात्र हरखली. सुनीतानं कोकम टाकून, नारळाचं वाटण लावून असं काही कालवण केलं की गोड्या पाण्यातला मासा म्हणून नाक मुरडायची माझी तयारी फुकट गेली. लेल्यांसाठी वरणभात, तूप, बटाट्याची भाजी. आम्ही काटे काढतोय आणि लेले समोर बसून हा मासा कसा लागला याची कथा सांगतायत, असा आमच्या घरी रविवारचा पायंडा पडला.

"लेले भाऊजी किती छान गप्पा मारतात हो," सुनीता म्हणायची. मी गप्पा मारू लागलो की हिला इस्त्री आठवते. त्यांच्यासाठी तुपाचं ताट वेगळं, मेतकुटाचा डबा खास बाहेर. आमची ईशा सात वर्षांची. मी मराठीत काही विचारलं तर जर्मनमध्ये अर्धं उत्तर देऊन पळते. पण लेलेकाकांच्या शेजारची खुर्ची ती अडवून बसायची आणि त्यांची टोपी डोक्यावर घालायची. ज्या घराचं भाडं मी भरतो, त्या घरात रविवारी दुपारी मी फक्त खवले काढणारा होतो.

एक गोष्ट मात्र होती. लेले मासा असल्याशिवाय कधी आले नाहीत. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नाही, हा त्यांचा नियम. दिवाळीला बोलावलं तर "सध्या काही हाताला लागलेलं नाही" म्हणाले. गणपतीत तर मासा आणायची सोयच नाही, म्हणून स्वारी आलीच नाही. एकटा राहणारा माणूस, लग्न कधी जमलं नाही, पुण्याला एक बहीण, तिला शनिवारी फोनकार्ड घासून फोन. सणाच्या दिवशी तो घरी काय करत असेल, असं सुनीता म्हणायची. मला कौतुक वाटायचं ते दिवाळीच्या फराळावर पूर्ण हक्क माझा राहिला याचं.

मग एका हंगामाअखेर तो सगळा प्रकारच संपला. एका क्लबाला नवीन अध्यक्ष मिळाला, तरुण आणि कायद्याला भिणारा. फळ्यावर गुण लिहिले म्हणजे ती शर्यतच, आपण अडचणीत येऊ, असं त्यानं सांगितलं. बाकीच्या क्लबांतले म्हातारे तसेही थकले होते. कुणी भांडलंसुद्धा नाही. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो. लेलेच जिंकले. माळ गळ्यात घातली, फोटो काढला, माळ काढून काचेच्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लागलं. आलोइसचे गुडघे गेले होते, तो पासाऊला लेकीकडे राहायला निघाला होता. दोघांनी हात मिळवले. लेले चर्चच्या मनोऱ्याकडे बघत उभे राहिले.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आता रविवारी बोलायची पाळी माझी.

पण पहिल्या रविवारी मी बोलायला लागलो आणि सुनीतानं इस्त्री काढली. दुसऱ्या रविवारी ईशानं विचारलं, "वो इस्ट लेलेकाका?" कुठे आहेत काका? तिसऱ्या रविवारी मी सायकल घेऊन बाहेरच पडलो. डोनाऊ नदीच्या काठानं जाताना लांबून हिरवी टोपी दिसली.

लेले एकटेच बसले होते. दोरी फेकत होते, ओढून घेत होते. मी जवळ गेलो तेव्हा रबरी मासोळी पाण्याबाहेर आली. तिला गळच नव्हता.

"लेले, गळ कुठाय?"

"काढून टाकला," ते म्हणाले. "आल्झो, सावंत, लागला तर मारणार कोण? सोडता येत नाही, कायदा आहे. मला मारता येत नाही. म्हणून लागूच नये अशी सिस्टिम केलीय. 'टक्' मात्र कळतं हं. आत्ताच एक येऊन गेला."

"मग रविवारी घरी या की. ही विचारत असते."

"येणार ना," त्यांनी पुन्हा दोरी फेकली. "काही हाताला लागलं की येतो."

गळ नसलेल्या माणसाच्या हाताला काय लागणार होतं? घरी येऊन सुनीताला सांगितलं. तिनं फोन केला, नुसतं जेवायला या म्हणाली. "बघतो वहिनी, सध्या जरा पाणी गार आहे," असं उत्तर आलं.

आणि त्यानंतरच्या रविवारी बेल वाजली. दारात लेले, टोपी, हातात पिशवी. "लागला एक," ते म्हणाले. "डोनाऊतच."

मी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि मासा सिंकमध्ये ठेवला. पोट चिरून साफ केलेलं. कल्ले काढलेले. डोळे आत गेलेले, पाठीला अजून बर्फाचा कडकपणा. आचऱ्याच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हा मासा दुकानातला होता. ज्या माणसानं जन्मात माशाचं पोट कसं असतं ते पाहिलं नाही, त्याला बिचाऱ्याला हे कळणार कुठून?

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ती घडी आली होती. राजा माझ्या सिंकमध्ये सापडला होता. मी मागे वळलो. दारात सुनीता उभी होती. तिनं मासा पाहिला होता, ती वेंगुर्ल्याची. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मोठा आहे," मी बाहेर ऐकू जाईल असं म्हणालो.

जेवताना लेल्यांना स्फुरण चढलं. पाणी कसं होतं, 'टक्' कसं आलं, दोरी कशी करकरली, मासा कसा दोनदा खोल गेला. भात दोनदा घेतला. मी चोथ्यासारखा मासा चावत होतो. तेवढ्यात ईशा म्हणाली, "उंड वेअर हाट इन टोटगेमाख्ट?" म्हणजे, मग मारला कोणी? आलोइसच्या 'ठक्क'ची गोष्ट तिला पाठ होती, आणि आलोइस तर पासाऊला.

लेल्यांचा घास हातात राहिला. कान लाल झाले. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग खिडकीकडे. तिथून कुठला मनोरा दिसत नाही.

"अगं, काठावर दुसरे एक आजोबा बसले होते ना," मी म्हणालो. "त्यांनी मारला. काका मला सांगत होते मघाशी."

लेल्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ते हळू आवाजात म्हणाले. मग घास तोंडात घातला.

पुढच्या शनिवारी मी सुपरमार्केटच्या मासळीच्या काउंटरवर गेलो. तिथल्या बाईला विचारलं, हिरवी टोपी घालून एक भारतीय गृहस्थ झांडर न्यायला येतात का?

"आले होते की," ती हसली. "आजचाही सांगून ठेवलाय. फार सज्जन माणूस. साफ करून देऊ का विचारलं तर घाईघाईनं गेनाऊ म्हणाले, आणि मग चीजच्या काउंटरकडे तोंड करून उभे राहिले. मी झालं म्हणेपर्यंत वळले नाहीत."

मी तिला विनंती केली, की यापुढे त्यांना मासा साफ करून देऊ नका. आख्खा द्या. पोटासकट, कल्ल्यांसकट. त्यांनी हो म्हटलं तरी.

"का बरं?"

"कारण तो त्यांनी स्वतः पकडलेला असतो," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली.

रविवारी बेल वाजली. सिंकमध्ये आख्खा झांडर, कल्ले लालभडक. "अगंबाई, भाऊजी, आजचा काय ताजा आहे!" सुनीता मनापासून म्हणाली. बाहेर लेल्यांचा आवाज चढला, ईशानं टोपी डोक्यावर घातली, मेतकुटाचा डबा उघडला. मी सुरी घेतली आणि खवले काढायला लागलो. मी आणलेल्या कशाचं या घरात असं कौतुक कधी झालेलं नाही.