काच वर घ्या, सर!

आप्पांच्या गाडीत बसलेल्या माणसानं खिडकीची काच बोटभर जरी खाली केली, तरी आप्पा गाडी रस्त्याच्या कडेला घेतात, हँडब्रेक ओढतात आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसतात. रागावत नाहीत, बोलत नाहीत. शेजारून ट्रक हॉर्न वाजवत जातात, आपल्या मानेवरचा घाम कमरेपर्यंत पोचतो, आणि शेवटी आपणच मुकाट्याने काच वर फिरवतो. मग आप्पा पहिला गिअर टाकतात आणि आपला अपराध पोटात घातल्यासारखं म्हणतात, "वारं आत आलं की ॲव्हरेज गेलं, सर."

हे मे महिन्यात, उमरग्यात. आणि गाडीला एसी नाही.

बसवराज आप्पा माझे शेजारी. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो, त्यामुळे आप्पांसकट सगळी गल्ली मला 'सर' म्हणते. आमची दोन्ही घरं हायवेला लागून. आमच्याकडं बोलायचं म्हणजे दोन ट्रकांच्या मधली फट बघून बोलावं लागतं. आप्पांचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली, सगळ्यांचे बोर्ड आप्पाच छापायचे. पुढं दुकान पुतण्याकडं गेलं आणि उरलेलं फ्लेक्स घरी आलं. सगळ्या दुखण्याचं मूळ ते फ्लेक्स, असं माझं बरेच दिवस मत होतं.

कारण रिकाम्या आप्पांनी आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीचं ॲव्हरेज वाढवायला घेतलं. त्यांचं शास्त्र एका वाक्याचं: "वाऱ्याशी भांडण घ्यायचं न्हाय, सर. वाऱ्याला वाट द्यावी." ती वाट देण्यासाठी आधी गाडीच्या पोटाखाली फ्लेक्स ताणून बसवलं. त्यावर एक भावी नगरसेवक हात जोडून होते, तोंड रस्त्याकडं. मी म्हटलं, "आप्पा, अहो निदान कोरी बाजू तरी खाली करा." आप्पा म्हणाले, "जनतेच्या पायाशी हाय म्हणलेत न्हवं भाषणात? बरोबर जाग्यावर लावलोय."

मग मागच्या चाकांवर स्टीलची ताटं आली. मग पुढची जाळी झाकली, तेव्हा इंजिनाला उकळी फुटली आणि बाटली घेऊन पाणी शोधत मी फिरलो. मग दारांच्या फटी बुजवायला आप्पांनी गल्लीतल्या घराघरातून कुकरच्या जुन्या रिंगा गोळा केल्या. आमच्या कुकरची चालू रिंगही त्यात गेली. त्या आठवड्यात आमची डाळ शिजली नाही आणि त्याचं खापर घरात माझ्या डोक्यावर फुटलं. रिंगा बसल्यापासून ती दारं एका माणसाला लागत नाहीत. "सर, जरा खांदा द्या," म्हणून हाक येते आणि मी तिरडीला द्यावा तसा गाडीला खांदा देतो.

बाहेरचे आरसेही काढले. "आरसा म्हंजी वाऱ्याच्या थोबाडीत मारल्यावानी हाय." आता मागचं कोण बघणार? मी.

"सर, मागं काय हाय?"

"ट्रक आहे."

"लांब हाय का?"

"होता."

आणि शेवटी ते शेपूट. प्लॅस्टिकच्या पाइपांचा सांगाडा, त्यावर फ्लेक्स, मागं निमुळतं होत गेलेलं. त्याच्या एका अंगाला 'वाढदिवसाच्या हार्दिक' एवढंच येतं. शुभेच्छांना जागा उरलेली नाही. गल्लीतली पोरं गाडीला घोरपड म्हणतात. कुत्री आधी भुंकायची, आता बघून उठून जातात.

बरं, ॲव्हरेज वाढलं का? पेट्रोल पंपावर टाकी काठोकाठ भरावी म्हणून आप्पा मला गाडी हलवायला लावतात. ते डाव्या अंगाला, मी उजव्या अंगाला, सूप पाखडावं तशी आम्ही ती गाडी पाखडतो आणि मागची रांग आमचा उद्धार करते. एवढं झाल्यावर मी विचारतो, "मग किती वाढलं?"

"वाढलंय."

"अहो पण किती?"

"वाढलंय म्हणलं न्हवं, सर."

यापुढं उत्तर मिळत नाही. उलट माझ्याच शर्टाकडं बोट जातं. "तुमी स्कूटरवर बसलाव की ह्यात वारं भरतंय. आवळ शर्ट घाला. ॲव्हरेज वाढंल."

तुम्ही म्हणाल, एवढा वैताग आहे तर बसता कशाला त्या गाडीत? दर रविवारी मला जळकोटला आईकडं जायचं असतं आणि आप्पांना लेकीकडं सोलापूरला. आप्पा सकाळीच दारात येऊन उभे राहतात. शेजाऱ्याला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. मागच्या सीटवर मी, पुढं आप्पा आणि आप्पांच्या शेजारी अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी.

अक्कांबद्दल एवढंच सांगतो की पूर्वी त्यांचं बोलणं माझ्या घरात ऐकू यायचं आणि आता त्यांच्या स्वतःच्या घरातही ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. सोलापूरहून कानाचं मशीन आणलं, पण ते पर्समध्येच असतं. चारचौघांत लावायची त्यांना लाज वाटते. सुरुवातीला त्या "काय?" असं विचारायच्या. समोरच्याच्या कपाळावर आठी बघून बघून तेही सोडलं. माझ्यासमोर गाडीत त्या खिडकीबाहेर बघत गप्प बसतात. जळकोटला मी उतरलो की मान हलवून निरोप देतात.

एका रविवारी तर आप्पांनी कहर केला. अक्कांचा जुना स्वेटर उसवून लाल लोकरीचे वीत वीत तुकडे त्यांनी गाडीभर चिकटपट्टीनं लावले. दोरा निजला तर वारं सरळ चाललंय, दोरा नाचला तर तिथं भांडण आहे. हे बघायचं कुणी? त्या दिवशी मी गाडीतून नाही, माझ्या स्कूटरवरून जळकोटला गेलो, गाडीच्या बरोबरीनं, ओरडत. "बोनेटवरचे निजलेत! काचेजवळचे नाचतात!" एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ते बघितलं. सोमवारी वर्गात पहिला प्रश्न आला, "सर, शर्यत कोण जिंकलं?"

जळकोटच्या फाट्यावर गाडी थांबली तशी एक म्हातारी जवळ आली. तिनं ते लाल दोरे बघितले, बोनेटला हात लावून कपाळाला लावला.

"लई मोठा नवस दिसतोय," ती म्हणाली. "कशाचा हाय, बाबा?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "हाय एक."

म्हातारीनं पदराच्या काठाचा एक दोरा ओढून तोडला आणि वायपरला बांधला. "माजा बी असू दे त्यात," म्हणाली आणि गेली. तेव्हापासून आप्पा तो वायपर चालवत नाहीत. पाऊस आला की गाडी उभी करतात. खोटं का होईना, नवसाचा दोरा तो. मी कपाळावर हात मारला.

मला आशा होती ती एकाच गोष्टीची. गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती. धाराशिवला आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून घेतल्याशिवाय ती रस्त्यावर चालवता येणार नव्हती. आणि असल्या अवतारात गाडी नेली तर साहेब दारातूनच हाकलतील, असं मेकॅनिकनं स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे एकतर हे सगळं उतरवायचं, नाहीतर गाडीच घरी ठेवायची. आदल्या दिवशी दुपारी आप्पा पाना घेऊन अंगणात आले आणि मी न बोलावता मदतीला गेलो. असा उत्साह मला पेपर तपासतानाही कधी आला नव्हता.

ताटं काढली. ती अक्कांच्या मांडणीवर परत गेली. आरसे बसवले. शेपटाचे नट मी स्वतः सोडवले आणि ते उचलून भिंतीला लावलं. आप्पा मात्र पायरीवर बसून राहिले होते, हातातला पाना तसाच.

"अहो, एवढं काय तोंड पाडताय?" मी म्हटलं. "ॲव्हरेज थोडं कमी होईल. होऊ दे."

"ॲव्हरेजला कोण रडतंय, सर?"

मी वळून बघितलं. गेली दीड वर्षं या माणसानं ॲव्हरेजच्या नावानं मला घामानं भिजवलं होतं, स्कूटरवरून पळवलं होतं, पंपावर गाडी पाखडायला लावली होती.

"म्हणजे?"

"ती मशीन लावतीय न्हवं कानाला," आप्पा घराकडं बघत हळू म्हणाले. "गाडी पळाया लागली की त्यात वारं घोंगावतंय. कानात गिरणी चालू झाल्यावानी होतंय म्हणती. मग काढून ठिवती. घरी बी ट्रकाचा आवाज, तीच गत. म्हणलं, गाडीतलं वारं तर आपल्या हातात हाय. फट फट बुजवत गेलो. आवाज कमी कमी होत गेला. तुमी जळकोटला उतरलाव की ती मशीन लावती. मग बोलती, सर. नळदुर्ग जाऊस्तोवर बोलती."

मला सुचलं ते मास्तराला शोभेल असं. "मग गाडी एखाद्या शेतात उभी करून बोला की! त्याला शेपूट कशाला?"

"उभ्या गाडीत तिला बोलणं सुचत न्हाय," आप्पा म्हणाले. "रस्ता पळाया पायजे. चिंच दिसली की चिंचंचं सांगती. विहीर दिसली की तिच्या मामाचं. तीस वर्सं त्याच रस्त्यानं फ्लेक्सचा, कापडाचा माल आणला आमी. ती बोलायची, म्या हूं म्हणायचा. आता ती गप बसली तर म्या हूं कशाला म्हणू?"

"मग हे अक्कांना सांगायचं तरी."

"खुळं का काय! तिच्यापायी केलंय म्हणलं की ती गाडीत पाय ठिवायची न्हाय. ॲव्हरेज म्हणलं की नुसतं खुळ्यात काढती. ते बरं." मग त्यांनी पाना खाली ठेवला. "आता आरसे बसले, शेपूट गेलं. परत गिरणी सुरू झाली तर ती काय मशीन लावायची न्हाय, सर."

भिंतीला लावलेलं शेपूट वाऱ्यानं सरकत होतं. मी जाऊन त्याला वीट लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. जाताजाता तुळजापूरला देवीचं दर्शन घ्यायचं म्हणून अक्काही होत्या. आरशांपाशी वारा शीळ घालत होता आणि प्रत्येक शिळेला आप्पांची मान खांद्यात जात होती.

धाराशिवला साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली. सगळं ठीक होतं. मग ते वाकले.

"खाली कोण आहे?" साहेब म्हणाले.

भावी नगरसेवक! त्यांना उतरवायचं आम्ही साफ विसरलो होतो. साहेबांनी हसू दाबत तेही काढायला लावलं. मी गाडीखाली शिरून फ्लेक्स ओढून काढलं. शर्टाची बाही ऑइलनं माखली. मग साहेबांनी वायपरवरच्या दोऱ्याला बोट लावलं.

"हे काय?"

"नवसाचा आहे," मी घाईघाईनं म्हणालो. मराठीच्या मास्तरानं विज्ञानाचा असा घात केला. साहेबांनी बोट काढून घेतलं. दारांच्या फटीतल्या कुकरच्या रिंगांकडं त्यांनी बघितलंही नाही. गाडी पास झाली.

परतीला ऊन डोक्यावर होतं. तुळजापूर मागं पडलं. गाडीत भट्टी पेटली होती आणि माझा हात सवयीनं काचेच्या हँडलवर गेला. आप्पांनी आतल्या आरशातून माझ्याकडं बघितलं. गाडी मात्र थांबवली नाही. मी हात काढून घेतला, मान मागं टाकली आणि डोळे मिटून घेतले. जरा वेळानं हलकंसं घोरायलाही लागलो.

"सर झोपले वाटतं," अक्का पुटपुटल्या.

पर्सची चेन वाजली. कानात बसताना मशीन करतं ती बारीक कुई ऐकू आली. मग नुसता इंजिनाचा आवाज, आरशांपाशी शीळ आणि माझ्या पाठीवरून उतरणारा घाम. नळदुर्ग गेलं. जळकोट जवळ आलं असावं, कारण आप्पा अगदी हळू, शेजारच्याला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "ती विहीर कुणाची म्हणलीस गं तू?"

उत्तर नाही. एक ट्रक गेला. मी घोरायचं विसरलो. त्या बिनकामाच्या शेपटासाठी मी देवीला नवस बोलायला तयार होतो.

आप्पांनी घसा खाकरला आणि आवाज थोडा चढवून, चाचरत परत विचारलं, "अगं, ती विहीर..."

"ऐकलंय की मघाशीच," अक्का म्हणाल्या. "आठवू तर द्या. वरडताव कशाला? म्या काय भैरी हाय व्हय?"