सरांची ठरावीक शैली

अर्जातला अकरावा रकाना सरांनी तीनदा वाचला. तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं होतं. ‘प्रशिक्षकाची खेळाची ठरावीक शैली (एका वाक्यात).’

“ठरावीक म्हणजे काय?” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

“ठरलेली,” बायको आतून म्हणाली.

“ते कळतं गं मला! पण ठरवणार कोण? आणि कशाच्या जोरावर?”

सर एकोणीस वर्षं कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवत होते आणि एवढ्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. एका वर्षी त्यांच्याकडे दोन उंच मुली होत्या. त्यांनी त्यांना बास्केटखाली उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, वर फेका, काय व्हायचं ते वर होईल. पुढच्या वर्षी सगळ्या बुटक्या आणि चपळ आल्या, तेव्हा त्यांनी समोरच्या संघाला पळवून पळवून दमवलं. यंदा एक शिडीसारखी उंच मुलगी होती, तिला शिडीच म्हणत. ती बास्केटखाली उभी राहिली की तिच्या हातातला बॉल कुणाच्या बापाला काढता येत नसे, पण कोर्टची दोन टोकं पळून आली की ती कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत राही.

“मी काय एकाच मापाचे शर्ट शिवतो?” सर ओरडले. “जशा मुली येतील तसा खेळ! हे एका वाक्यात लिहिलं तर ती नवीन बाई म्हणेल, याला काही येत नाही.”

नवीन बाई म्हणजे प्राचार्या. त्या रसायनशास्त्राच्या होत्या आणि येऊन त्यांना दीड महिना झाला होता. एवढ्यात त्यांनी कॉलेजातल्या प्रत्येक कपाटाला, प्रत्येक खिडकीला आणि दोन शिपायांच्या टेबलांना लेबलं लावली होती. यंदाच्या नेमणुका अर्ज बघून होणार होत्या आणि अर्ज उद्या सकाळपर्यंत द्यायचा होता.

बायको हात पुसत बाहेर आली. ती नोंदणी कार्यालयात बावीस वर्षं अर्ज तपासत होती. “रकाना रिकामा ठेवायचा नसतो,” ती म्हणाली. “रिकामा दिसला की माणूस थांबतो. भरलेला दिसला की पुढे जातो. भरलेला रकाना वाचणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तुम्ही खाली सही करा, बाकीचं मी बघते.”

सरांनी कागद फाटेल अशी सही केली आणि ते अंघोळीला गेले. आतून बादली आपटल्याचा आवाज आला, मग तांब्या आपटल्याचा, मग पुन्हा बादलीचा. बायकोने क्षणभर ऐकलं आणि अकराव्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘वेगवान आणि आक्रमक.’

प्राचार्याबाईंनी तो रकाना वाचला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी वाचला, आणि नुसता वाचला नाही, तर त्यांना तो इतका आवडला की सोमवारी सर जिममध्ये शिरले तेव्हा समोरच्या भिंतीवर वीस फुटी फलक होता. ‘आमची शैली : वेगवान आणि आक्रमक.’ तोच फलक कॉलेजच्या वेबसाइटवर होता आणि त्याखाली सरांचा फोटो होता. फोटो जुना असल्यामुळे सर वेगवान दिसतही होते.

“अभिनंदन,” प्राचार्याबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच होतं. “मी जरा वाचन केलं. वेगवान खेळात बॉल हातात आल्यापासून सात सेकंदांत बास्केटकडे गेला पाहिजे. आजपासून मी मोजत जाईन.”

सर काही बोलले नाहीत, कारण अर्जावर सही त्यांचीच होती. ते घरी जाऊन बोलले.

“वेगवान? अगं, ती शिडी सात पावलं पळली की पाणी मागते!”

“मला वाटलं कोणी वाचणार नाही.”

“बाई वाचते! ती भिंतीसुद्धा वाचते! आता तीच रोज घड्याळ घेऊन खुर्ची टाकून बसणार!”

आणि प्राचार्याबाई खरंच बसल्या. “सहा पॉइंट चार, छान!” “नऊ पॉइंट दोन, हे वेगवान नाही!” अशा आवाजात सराव सुरू झाला. सात सेकंदांच्या धास्तीने मुली बॉल मिळेल तिथून फेकू लागल्या. एक बॉल छतावरच्या दिव्यात अडकला. एक प्राचार्याबाईंच्या चहाच्या कपावर आला, पण तो पाच पॉइंट आठ सेकंदांत आल्यामुळे बाई काही बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी शिडी धावता धावता थांबली, शांतपणे खाली बसली आणि म्हणाली, “सर, मी इथेच राहते. तुम्ही सगळे परत याल तेव्हा मला घ्या.”

उपांत्य सामना शेजारच्या कॉलेजशी होता. त्यांचे प्रशिक्षक बाराही महिने टोपी घालत. टोपीवाल्या सरांनी वेबसाइट पाहिली होती. बॉल गेला रे गेला की त्यांच्या पाचही मुली मागे पळत आणि बास्केटसमोर भिंतीसारख्या उभ्या राहत. सरांच्या मुली सुसाट जात आणि त्या भिंतीवर आपटत. पहिला क्वार्टर संपला तेव्हा एकोणीस-सहा झालं होतं. प्रेक्षकांत बसलेल्या प्राचार्याबाई मात्र खूश होत्या. सरासरी सहा पॉइंट एक आली होती.

मध्यंतरापर्यंत सरांनी स्वतःला आवरलं. मग त्यांचा बांध फुटला. फलक, अर्ज, रसायनशास्त्र, स्टॉपवॉच, लेबलं आणि एकूण मनुष्यजात यांच्यावर ते भरपूर बोलले. शेवटी म्हणाले, “जाऊ दे सगळं खड्ड्यात! चालत जा. बॉल शिडीला द्या आणि गप्प उभ्या राहा.”

मुली चालत गेल्या. धावणाऱ्यांना अडवायची तयारी केलेल्या संघाला चालणाऱ्यांचं काय करायचं हे कळेना. शिडी बास्केटखाली उभी राहून, घाम न येऊ देता, एकामागून एक बॉल आत टाकत राहिली. सामना एक्केचाळीस-अडतीस असा जिंकला. मुलींनी सरांना मिठ्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाने त्यांच्या हातात लिफाफा दिला. जाहीर केलेल्या शैलीचा उत्तरार्धात पूर्ण भंग का झाला, याची कारणे दाखवा.

“जिंकल्याबद्दल नोटीस!” सर जिना उतरता उतरता ओरडत होते. “हरलो असतो तर सत्कार केला असता काय?”

चौकशी प्राचार्याबाईंच्या खोलीत झाली. बाहेरचा तज्ज्ञ हवा असा नियम होता आणि आसपासच्या भागात बास्केटबॉलचा तज्ज्ञ एकच होता. त्यामुळे टोपीवाले सर टोपी मांडीवर ठेवून समोर बसले होते, आणि ते सरांपेक्षा जास्त चिडलेले होते.

“मी तीन आठवडे तयारी केली!” ते म्हणाले. “तुमच्या फलकावर विश्वास ठेवून! मुलींना मागे पळायला शिकवलं, मागे! आणि तुम्ही चालत आलात? ही काय पद्धत झाली?”

“मग तुम्ही बदलायचं होतंत!”

“मी कसा बदलणार? माझ्या अर्जात ‘संयमी बचाव’ लिहिलंय!”

“हेच!” सर उठून उभे राहिले. “हेच मी म्हणतोय! समोर कोण आहे, आपल्याकडे कोण आहे, हे बघायचं सोडून कागदाकडे बघायचं? मला शैली नाही! नव्हती, नाही आणि होणार नाही! लिहा तसं, आणि काढून टाका मला!”

प्राचार्याबाईंनी पेनचं टोपण लावलं. “खेळाडूंचं म्हणणं ऐकू,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी कॅप्टनला आत बोलावलं.

कॅप्टनला सगळे टिटवी म्हणत, कारण ती झोपेतही बोलते असा वसतिगृहाचा अनुभव होता. पण आज ती नुसतीच उभी राहिली आणि सरांकडे बघत राहिली.

“सरांना ठरावीक शैली आहे का?” प्राचार्याबाईंनी विचारलं. “खरं सांग. नाहीतर मला यांची नेमणूक थांबवावी लागेल.”

टिटवीने दीर्घ श्वास घेतला, सॅक उघडली आणि एक कळकट वही टेबलावर ठेवली. वरचं कव्हर चिकटपट्टीने धरून ठेवलेलं होतं. “सॉरी सर,” ती म्हणाली. “ही आमची वही आहे. प्रत्येक कॅप्टन पुढच्या कॅप्टनला देते. मी बारावी.”

प्राचार्याबाई मोठ्याने वाचू लागल्या.

“‘पहिल्या क्वार्टरला सर म्हणतात, शांत राहा. ते स्वतः शांत नसतात, लक्ष देऊ नये. दुसऱ्या क्वार्टरला तीन वेळा बेत बदलतात. तिन्ही वेळा हो म्हणावे, काही करू नये. मध्यंतरात सर चिडतात. हे अत्यंत आवश्यक आहे. तेवढ्यात पाणी प्यावे, बुटाच्या नाड्या बांधाव्यात. चिडणं संपताना जे शेवटचं वाक्य येतं ते नीट ऐकावे. फक्त तेच करावे. ते नेहमी बरोबर असते.’”

त्यांनी पान उलटलं. पुढे बारा वेगवेगळ्या अक्षरांत सामन्यांच्या तारखा आणि शेवटची वाक्यं लिहिलेली होती. समोर बहुतेक ठिकाणी ‘जिंकलो’ होतं.

सर लाल झाले होते. टोपीवाल्या सरांनी मान लांब करून वहीत डोकावायचा प्रयत्न केला. टिटवीने ती झटकन ओढून घेतली.

“बारा वर्षं,” प्राचार्याबाई भारावून म्हणाल्या. “एकही अपवाद नाही. सर, इतकी ठरावीक शैली मी प्रयोगशाळेतसुद्धा पाहिलेली नाही.” त्यांनी नोटीस फाडली, नेमणुकीवर सही केली आणि अकराव्या रकान्यात दुरुस्ती केली. काय लिहिलं ते सरांनी वाचलं नाही.

घरी आल्यावर सर टेबलावर मूठ आपटणार होते, ती त्यांनी हवेतच थांबवली. “एकोणीस वर्षं मला वाटतंय मी डोकं लढवतोय, आणि या पोरी नाड्या बांधत होत्या! आता बघच तू. अंतिम सामन्यात मी चिडणारच नाही.”

“जमेल?” बायकोने विचारलं.

“का नाही जमणार? माझी काही ठरावीक शैली नाही!”

आणि त्यांना ते जमलं. अंतिम सामन्याला सर हाताची घडी घालून बसले. पहिल्या क्वार्टरला ते काही म्हणाले नाहीत. दुसऱ्यात त्यांनी एकही बेत केला नाही. मुली बॉल टाकण्याऐवजी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे बघू लागल्या. शिडीचे दोन सोपे बॉल बाहेर गेले. मध्यंतर झालं तेव्हा संघ अकरा गुणांनी मागे होता आणि सर मंद हसत होते.

मुली त्यांच्याभोवती गोळा झाल्या. कुणीही पाणी प्यायलं नाही.

“सर,” टिटवी हलक्या आवाजात म्हणाली, “बरं नाहीये का तुम्हाला?”

“मी अगदी ठीक आहे,” सर गोड आवाजात म्हणाले.

शिडीचे डोळे भरून आले. “सर, प्लीज,” ती म्हणाली, “थोडं तरी चिडा ना.”

सरांचं हसू जागच्या जागी थांबलं.

“काय म्हणालीस?” ते म्हणाले. “चिडा? म्हणजे आता मी कधी चिडायचं हे पण तुम्ही ठरवणार? मी काय घड्याळाचा गजर आहे? अकरा गुण मागे आहात, आणि कोचला सांगता चिडा? त्या त्यांच्या चार नंबरचा डावा हात चालत नाही, वीस मिनिटं झाली, एकीला तरी दिसलं का? डोळे काय नाड्या बघायला दिलेत देवाने?”

सर बोलतच राहिले. त्यांचा आवाज जिमच्या छतापर्यंत गेला आणि प्राचार्याबाईंनी प्रेक्षकांतून समाधानाने मान डोलावली. मुलींच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. एकीने बाटली उघडली आणि दुसरीकडे दिली. शिडीने डोळे पुसले, मग ती वाकली आणि सावकाश, नीट, बुटाच्या नाड्या बांधू लागली. टिटवीने वही मांडीवर घेतली, पेन काढलं आणि शेवटच्या वाक्याची वाट बघत बसली.