सुकाणू जरा जास्तच वळलं

डॉक्टरांनी रिमोटच्या छोट्या पडद्यावर शंभरचा आकडा एकशे चाळीसवर नेला आणि जेवणाच्या टेबलावरच्या होडीतून "घर्रर्र" असा आवाज आला.

"अहो, ती कण्हतेय," बायको म्हणाली.

"कण्हत नाहीये. जोर लावतेय."

डॉक्टर दातांचे. दवाखान्यात केसभरही इकडचं तिकडे होऊ देत नसत, पण होडीचा विषय निघाला की त्यांचा संयम सुटे. होडीच्या पोटात सर्व्हो नावाची काडेपेटीएवढी मोटर होती. रिमोटची दांडी हलवली की तिचा प्लास्टिकचा हात फिरे, हाताला जोडलेली तार ओढली जाई आणि मागचं सुकाणू वळे. हात किती फिरावा हे त्या आकड्यावर ठरत होतं. मागच्या शर्यतीत डॉक्टरांच्या होडीने वळण घेईपर्यंत बाकीचे काठावर येऊन चहा प्यायले होते. यंदा ती नामुष्की नको होती.

शिवाय यंदा बक्षिसं द्यायला खुद्द सासरे येणार होते. सासरे एके काळी रेडिओवर बातम्या वाचायचे. दात पडले आणि त्यांनी बोलणंच टाकलं. तीन वर्षं घरातला फोनसुद्धा उचलला नाही. दोन महिने खपून डॉक्टरांनी स्वतः त्यांची कवळी बनवली होती, आणि आज ते पहिल्यांदा चारचौघांत बोलणार होते. बायकोने त्या भाषणाचा इतका धसका घेतला होता की सकाळपासून तिने 'आज घोळ नको' असं तीनदा देवाला आणि चारदा नवऱ्याला बजावलं होतं.

बागेतल्या तळ्याकाठी पोचल्यावर सासऱ्यांना डाव्या बाजूला कवळी टोचायला लागली. भाषणाला अजून अवकाश होता. त्यांनी पाठ फिरवून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिसा चाचपला. नव्या शर्टाला खिसाच नव्हता. समोर बाकावर होडी होती, तिच्या केबिनचं झाकण उघडं होतं आणि आत मऊ स्पंज होता. दोन मिनिटांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणत त्यांनी पुरचुंडी आत ठेवली.

तेवढ्यात शिट्टी झाली. डॉक्टर धावत आले, झाकण लावलं, वरून चिकटपट्टी मारली आणि होडी पाण्यात सोडली.

"दाऽ! दाऽऽ!" सासरे हातवारे करत ओरडले.

डॉक्टरांना भरून आलं. आजवर सासऱ्यांनी त्यांना कधी दाद दिली नव्हती. "आता बघाच, बाबा!" म्हणत त्यांनी वेग वाढवला आणि पहिल्याच वळणाला दांडी पार डावीकडे दाबली.

होडी वळली. काय वळली! काठावरचे लोक "वा!" म्हणाले. मग ती आणखी वळली. डॉक्टरांनी दांडी सोडली, तरी वळतच राहिली. उजवीकडे दाबली, तरी डावीकडेच. तळ्याच्या मधोमध होडी घाण्याच्या बैलासारखी फिरू लागली आणि दोन होड्यांना धडकून तिने त्यांनाही शर्यतीतून बाद केलं.

"सुकाणूचा आकडा किती ठेवलात?" होड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी विचारते झाले. हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत.

"एकशे चाळीस."

"अहो, काय हे! सुकाणू टोकाला टेकलं तरी मोटर रेटत राहिली असणार. तार पलीकडे जाऊन अडकली. आता ते सुटायचं नाही."

"अहो," बायकोचा आवाज चढला, "बाबांचे दात कुठायत?"

सासऱ्यांनी तळ्याकडे बोट केलं.

होडी एका अंगावर कलली होती. प्रत्येक फेरीत कडेवरून पाणी आत उडत होतं. तळ्यात उतरायला मनाई होती आणि तळाशी गुडघाभर गाळ. तिथे बुडालेली होडी आजवर कुणाला सापडली नव्हती.

"तुमच्या हौसेपायी माझ्या बाबांची वाचा गेली!" बायको म्हणाली.

"रडारड नंतर," घड्याळजी म्हणाले. "इंजिन तर ऐकतंय ना? मग नाक आपल्याकडे आलं की थोडा जोर द्या. वळायला लागली की बंद. पुन्हा फिरून नाक इकडे आलं की पुन्हा थोडा."

डॉक्टरांनी घाम पुसला. थोडा जोर, मग बंद. हे तर ते रोज करत होते, दाताला ड्रिल लावताना. बोटं आपोआप हलकी झाली. पण उन्हाच्या तिरिपेने त्यांना होडीचं नाक नीट दिसेना.

तोच सासरे काठाच्या दगडावर चढले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी आवाज टाकला. तोच जुना, खणखणीत आवाज, फक्त दातांविना.

"होऽडं!"

डॉक्टरांनी थोडा जोर दिला.

"हांऽब!"

बंद.

"होऽडं! हांऽब!"

होडी गिरक्या घेत घेत वीतवीत जवळ येऊ लागली. सगळा काठ सासऱ्यांबरोबर ओरडू लागला. "होऽडं! हांऽब!" कुणी हसलं नाही. ते बोळक्या तोंडाने बोलताहेत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्याही नाही. शेवटच्या गिरकीला घड्याळजींनी काठीने होडी ओढून घेतली.

बायकोने चिकटपट्टी टरकावली. रुमाल वरून ओला होता. आत कवळी शाबूत. बायको मटकन बाकावर बसली आणि हसू लागली. डॉक्टर तिच्या शेजारी बसले.

घड्याळजींनी अंगठ्याने सुकाणू मोकळं केलं आणि आकडा नव्वदवर आणला. "हे पाहा. वळतंय, पण टेकत नाही. आवाजही नाही."

सासऱ्यांनी कवळी बसवली, घसा खाकरला. माइक तयार होता, लोक खुर्च्यांवर बसले होते. बायकोने श्वास रोखला.

"घड्याळजी," सासरे स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाले, "तो रिमोट जरा इकडे द्या बघू. मला एक फेरी मारायचीये."

"आणि बाबा, भाषण?" बायको म्हणाली.

"बोलायचं काम मी जन्मभर केलं. होडी कधी चालवली नाही. जावईबापू, तुम्हीच बोला दोन शब्द!"

आणि बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेले डॉक्टर माइकसमोर उभे राहिले. पाच मिनिटं त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पण शब्द काही बाहेर पडेना.