मशीन कोणतं?

मेश्राम साहेब कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. "मशीन कोणतं?" असं विचारतात, म्हणजे घरातला कॉम्प्युटर कोणता. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं, की सामान वर चढायच्या आत हे पेनड्राइव्ह घेऊन लिफ्टपाशी हजर.

मूळचे भंडाऱ्याचे. आयटीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मराठी शब्दकोड्यांचं ॲप बनवलं. मोबाइलसाठी नाही, खास कॉम्प्युटरसाठी. "वेबसाइट ज्या भाषेत लिहितात न, त्यातच ॲप लिहिलं आणि डब्यात भरलं. विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो, एकदाच लिहा, सगळीकडे चालवा!" सांगण्यात दम असा, की समोरचा मुकाट्याने लॅपटॉप उघडून देतो.

फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी काकूंनी ऐकवलं, "आमच्याकडे पेपरात कोडं येतं. ते कुठल्याही टेबलावर चालतं."

"पेपरातलं अक्षर मोठं करता येतं का?"

काकूंनी चष्मा पुसला आणि कॉम्प्युटर सुरू केला.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आणि बायकोच्या लॅपटॉपवर विंडोज, त्यामुळे आमचं घर साहेबांचं फार लाडकं. दर रविवारी सकाळी येणार, चहा घेणार, दोन्हीकडे ॲप तपासणार. एकदा लिनक्सवर 'श्री'चं जोडाक्षर फुटलं, तर ते जुळेपर्यंत उठले नाहीत. जेवणही आमच्याकडेच झालं. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "चालून राहिलं न, बाप्पा!"

परवाच्या रविवारी माझं सहज लक्ष गेलं. ॲपची आवृत्ती दिवाळीपासून तीच होती.

"साहेब, यात तर काहीच बदललेलं नाही. मग दर आठवड्याला तपासता काय?"

नेहमीसारखं खणखणीत उत्तर येईल असं वाटलं होतं. त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला.

"ते केव्हाच नीट झालं. माझी बायको, सुनंदा, होती तेव्हा लोकांकडे जाणं-येणं तीच बघायची. मी नुसता सोबत जाऊन बसायचो. ती गेल्यावर कळलं, कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहणं मला जमतच नाही."

बायको आतून आली आणि मंडईतून आणलेल्या मटारची पिशवी तिने त्यांच्यापुढे रिकामी केली.

"मग काम देते. हे सोला. आणि पुढच्या रविवारी नुसतेच या."

ते शेंगा सोलू लागले. अगदी मन लावून, एकेक दाणा निरखत. मग आपणहून म्हणाले, "सुनंदा सोलता सोलता अर्धे खाऊन टाकायची."

आणि एक दाणा हळूच तोंडात टाकला.