मऊ मॅग्नम

पाटणकर काकांच्या गॅरेजमध्ये बोलायला बंदी आहे. काडतुसाच्या पितळी पुंगळ्यांत बारूद पडत असताना कुणी तोंड उघडलं, की काका शांतपणे सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. एकदा मला शिंक आली. त्यांचं संध्याकाळचं सगळं काम वाया गेलं आणि सुधाकाकूंनी मला चहा उभ्यानंच दिला.

काका इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात, आमचे शेजारी. मोटारींच्या कारखान्यात मोजमापं तपासण्यात हयात गेली, आता निवृत्त. मॅग्नम रिव्हॉल्व्हरची, म्हणजे दणदणीत जोराची, काडतुसं घरी भरणं हा त्यांचा छंद. गॅरेजात त्यांचं टेबल, तराजू आणि पुंगळीत गोळी दाबून बसवायचं दांड्याचं यंत्र. गाडी बिचारी बाहेर. "किती पावडर घालता, अंदाजे?" असं कुणी विचारलं की एकच उत्तर मिळतं, "अंदाज आमटीत घ्यावा."

गेल्या हिवाळ्यात त्या बाहेरच्या गाडीकडे जाताना काकू बर्फावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. दर शनिवारी दोघं नेमबाजीच्या रेंजवर जायचे, आणि खरं सांगायचं तर नेम काकूंचाच चांगला. मनगट जुळलं, पण मॅग्नमचा धक्का सोसेना. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारी छोटी, सौम्य काडतुसं काकांनी आणून दिली. काकूंनी डबी न उघडताच परत केली.

"मला आजाऱ्याची पेज नको. मॅग्नम भरून द्या, नाहीतर मी घरी बसते."

आणि त्या खरंच घरी बसल्या. तेव्हापासून काकांनी मऊ मॅग्नमचा विडा उचलला. वाघाला वरणभात घालायचा हा उद्योग, असं शेजाऱ्यांपैकी एक जण म्हणालाही. काकांनी मनावर घेतलं नाही.

काम चिकट होतं. नुसत्या शिशाच्या गोळीच्या धुरानं काकूंना खोकला येतो, म्हणून वर तांब्याचा पातळ मुलामा असलेली गोळी हवी. पुंगळीचं तोंड जास्त आवळलं तर मुलामा चिरतो. बारूद फार कमी केली तर गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी सुटली तर हात जायचा. शिवाय थोडी बारूद लांब पुंगळीच्या तळाशी बसते. चुकून दोनदा पडली तरी कळत नाही. म्हणून काकांनी फुगीर बारूद शोधून काढली, दोनदा पडली तर बाहेर सांडेल अशी. तरी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघतातच. पुस्तकातल्या किमान मापाखाली ते कणभरही उतरले नाहीत.

मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर रेंजवर गेलो. काकांच्या गोळ्या कागद सोडून भलतीकडेच जात होत्या. मला हसू आवरेना.

"काका, राइट हँडनं मारा ना."

"मुद्दाम लेफ्टनं मारतोय. तिचा उजवा आता माझ्या डाव्याइतकाच आहे. मला दुखलं तर तिलाही दुखणार."

तेव्हा कुठे त्यांच्या डाव्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मनगटाला पट्टा, अंगठा सुजलेला.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"आधी बारुदीचा लोड फायनल होऊ दे. गाडी गॅरेजात असती तर सुधा पडली नसती रे." एवढं बोलून त्यांनी रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा काडतुसं भरली. मला फार वाईट वाटलं.

परवाच्या शनिवारी काकू रेंजवर आल्या.

"मॅग्नमच आहे ना?"

"पुंगळीच्या बुडावर लिहिलंय. वाच."

काकूंनी चष्मा लावून खरंच वाचलं. मग एक गोळी झाडली, क्षणभर थांबल्या आणि उरलेल्या पाचही सलग झाडल्या. रिव्हॉल्व्हर रिकामं करून खाली ठेवलं. कागदाच्या मधोमध सहाही गोळ्यांचं मिळून एकच फाटकं भोक पडलं होतं.

"काका, कागद बघा," मी म्हणालो.

काकांनी काकूंचं मनगट हातात घेतलं होतं आणि अंगठ्यानं हळूहळू दाबत ते विचारत होते, "इथे दुखतं? आणि इथे?"

"नाही हो. कागद तरी बघा."

"बघतो," काका म्हणाले, आणि मनगट तसंच धरून उभे राहिले.